टॅबमागचे बेवारस मदतनीस

आमच्या वालूरची चक्राकार बारव पाहायला आता लांबून माणसं येतात. गोल फिरत पाण्याकडे उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या गावानं श्रमदान करून मोकळ्या केल्या. अशा बारवांची छायाचित्रं आणि मापं मी संगणकावर जपते. त्यासाठी काळ्या पडद्यावर टाइप करायची ‘बारव’ नावाची एक छोटी आज्ञा मी लिहिली आहे. पुढे नोंदीचं नाव द्यायचं: सेलू:वालूर, जिंतूर:चारठाणा. आधी तालुका, मग गाव.

एवढं नाव दरवेळी कोण टाइप करणार? पहिली दोन अक्षरं लिहून टॅबची कळ दाबली की उरलेलं आपोआप यावं. त्या काळ्या पडद्यावरच्या आज्ञा चालवणाऱ्या बॅश या शेलमध्ये अशी पूर्तता स्वतः लिहायची सोय २००० साली, २.०४ या आवृत्तीत आली. टॅब दाबताच बॅश आपल्या फंक्शनला बोलावतो, आतापर्यंतचे शब्द त्याच्या हाती देतो आणि फंक्शननं जुळणारे पर्याय एका यादीत ठेवायचे. मुळात काम एवढंच.

अडचण विसर्गासारख्या दिसणाऱ्या त्या दोन टिंबांची. बॅश अपूर्णविरामापाशी शब्द तोडतो. ‘जिंतूर:चा’ लिहिलं तर त्याच्या लेखी बदलायचा भाग फक्त ‘चा’. म्हणून दोन मदतनीस फंक्शनं लागतात: एक तुटलेला शब्द जोडून घेतं, दुसरं उत्तराच्या सुरुवातीचं ‘जिंतूर:’ छाटतं. मी एका जुन्या फाइलीतून उचललेल्या तुकड्यात पहिलंच होतं. पडद्यावर उमटलं, ‘जिंतूर:जिंतूर:चारठाणा’. माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या, कारण दुसरं फंक्शनही लागतं हे त्या फाइलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. ‘मानवत रोड’चीही तीच गत; मधल्या रिकाम्या जागेवर नाव फुटून दोन गावं समोर आली.

हे मदतनीस बहुतेक बॅश-कम्प्लीशन या संचातून येतात. तो संच सांभाळणारे मोजकेच लोक आहेत, पण ते मनापासून सांभाळतात. २०२४ च्या २.१२ आवृत्तीत त्यांनी फंक्शनांना नवी, एकसारखी नावं दिली. जुनी नावं तूर्त चालतात, पण ती कालबाह्य ठरवली आहेत. खरी हेळसांड होते ती आपल्यासारख्यांनी इकडून तिकडे चिकटवलेल्या नकलांची. मूळ दुरुस्त होतं, नक्कल तशीच राहते. ॲपलच्या संगणकावर तर अजून २००६ सालच्या पिढीचा बॅश ३.२ मिळतो, नव्या सोयी गृहीत धरलेलं फंक्शन तिथं चालतच नाही.

मी आता नक्कल ठेवत नाही. संच आहे का ते आधी तपासते, नसेल तर पूर्तता सरळ बंद ठेवते. चुकीचं नाव पुढं करण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. शिवाय वर सांगितलेली तिन्ही नावं घालून एक चाचणी लिहिली आहे, ती प्रत्येक बदलानंतर चालवते.

तुमच्या कार्यालयातही असं एखादं जुनं फंक्शन रोज राबत असेल. आज ते उघडा आणि त्याच्या डोक्यावर तीन ओळी लिहा: ते काय घेतं, काय देतं, कोणत्या आवृत्तीवर तपासलं. चूक सापडली तर ती दुरुस्ती स्वतःपाशी ठेवू नका. मूळ संच सांभाळणाऱ्यांपर्यंत पोहोचवा.