परसबागेतील वीज : आधी आराखडा, मग वायर

घरामागची परसबाग आता मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या केळी-अळूपुरती राहिलेली नाही. विहिरीवर पंप बसला आहे, गोठ्याशेजारी कडबा कापण्याचे यंत्र आले आहे आणि रात्री वाटेवर दिवा लागतो. वीज ही परसबागेतील कष्टाळू गडी होय. परंतु पुष्कळ ठिकाणी ती बागेत पोचते खिडकीतून ओढलेल्या, कुंपणाच्या तारेवरून नेलेल्या आणि चिकटपट्टीने जोडलेल्या वायरीतून. उन्हाळ्यात ही सोय निभावते. पावसाळ्यात मात्र तीच कुंपणात, कपडे वाळत घालण्याच्या तारेत आणि पंपाच्या लोखंडी अंगात वीज सोडते. म्हणून तात्पुरती वायर न ओढता एकदाच पक्की व्यवस्था करणे हेच शहाणपणाचे आहे.

धोका कशात आहे?

"घरात फ्यूज आहे, मग भय कसले?" असा प्रश्न अनेक शेतकरी बंधू विचारतात. फ्यूज किंवा एम.सी.बी. वायरीचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या अंगाने, अनवाणी, चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हृदय बंद पाडण्यास तो पुरेसा आहे. याउलट १६ अँपिअरचा फ्यूज वितळण्यास त्याच्या सत्तरपट प्रवाहदेखील पुरत नाही. माणूस दगावेल, पण फ्यूज जागचा हलणार नाही.

यासाठी आर.सी.सी.बी. नावाचे स्विच मिळते. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी वीज तोडते. बागेच्या वायरिंगसाठी असे एक स्विच स्वतंत्र बसवावे, म्हणजे बागेतील दोषामुळे घर अंधारात राहणार नाही.

कागदावरील आखणी

प्रथम घर, विहीर, गोठा, मोरी, वाटा आणि झाडे यांचा साधा नकाशा काढावा. वीज कोठे व कशासाठी लागेल ते त्यावर लिहावे. पुढे जेथे आंबा किंवा नारळ लावावयाचा आहे, त्या जागाही आजच दाखवाव्यात. आंब्याचा खड्डा एक मीटर खोल घेतात. केबल त्याच्या वाटेत आली तर कुदळीचा घाव तिच्यावरच बसेल.

नंतर भार मोजावा. १ अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे ११०० वॅट वीज घेतो, तर ९ वॅटचे चार दिवे मिळून अवघे ३६ वॅट. एकूण भार मंजूर भारापेक्षा अधिक होत असेल, तर वीज कंपनीच्या कार्यालयातून तो आधी वाढवून घ्यावा.

केबल कोणती व कशी?

जाडीत काटकसर करू नये. पंप चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट, म्हणजे सुमारे ३० अँपिअर प्रवाह घेतो. विहीर घरापासून ४० मीटरवर असेल, तर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत त्या क्षणी सुमारे २९ व्होल्ट दाब घटतो. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो केवळ ११ व्होल्ट घटतो. "पंप नुसता घुमतो, पाणी उचलत नाही," या तक्रारीचे एक कारण बारीक वायर हेही असते.

जमिनीखालून तीन तारांची आर्मर्ड केबल न्यावी. चर पाऊण मीटर खोल घेऊन तळाशी वाळू पसरावी, केबल ठेवून पुन्हा वाळू टाकावी आणि वर विटांची रांग मांडून माती लोटावी. जमिनीत जोड देऊ नये. केबलची वाट नकाशावर नोंदवून तो नकाशा घरात जपून ठेवावा.

सॉकेटची जागा

सॉकेट पाण्याच्या नळापासून दूर, पक्क्या भिंतीवर किंवा खांबावर, पावसाचे पाणी साचते त्या पातळीच्या बरेच वर आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर असावे. झाकण असलेली जलरोधक पेटी वापरावी व केबल पेटीत खालून घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत शिरणार नाही. पंपासाठी १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट घ्यावे. तिसरी जाड पिन कापून प्लग बसविणे हा जिवाशी खेळ आहे.

अर्थिंग

त्या जाड पिनेला अर्थिंगची तार जोडलेली असते. पंपात दोष निर्माण होताच गळती या तारेने जमिनीत जाते आणि आर.सी.सी.बी. तत्काळ वीज तोडते. अर्थिंग नसेल, तर माणसाचा हात लागेपर्यंत दोष लपून राहतो. अर्थिंगसाठी किमान अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित नळ जमिनीत उभा पुरतात. त्याभोवतीची माती उन्हाळ्यात पाणी घालून ओलसर ठेवावी. पाण्याच्या नळाला अर्थिंग जोडू नये. प्लॅस्टिकच्या नळातून वीज जमिनीत जात नाही.

काम व देखभाल

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. चर खणणे, वाळू-विटा आणणे ही कामे घरच्या माणसांनी केली तर खर्चात बचत होते. आर.सी.सी.बी.वरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज तुटली नाही, तर ते स्विच निकामी समजून बदलावे. कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तारेऐवजी सुती किंवा नायलॉनची दोरी बांधावी.

कोणास विजेचा धक्का बसलाच, तर त्यास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावे. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे, श्वास पाहावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी घरोघरी जाऊन कुंपणावरून गेलेल्या वायरी, तुटक्या पिना आणि उघड्या पेट्या मालकाच्या दृष्टीस आणून द्याव्यात. पावसाची पहिली सर येण्यापूर्वी एक धोकादायक वायर उतरली, तरी त्या फेरीचे चीज झाले असे समजावे.