४८ किलोची जगज्जेती आणि ५१चा फाटा

शीळफाट्यावर उभं राहिलं की रस्ते फुटतात. एक कल्याणला, एक मुंब्र्यामार्गे ठाण्याला, एक महापेला, एक पनवेलला. चुकीच्या रस्त्याला लागलात तर परत फिरताना त्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. भारताचे हलक्या वजनाचे बॉक्सर्स सध्या अशाच एका फाट्यावर उभे आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या पाट्यांवर गावांची नावं नाहीत, किलो लिहिलेत. आणि चुकीचा रस्ता पकडला तर अर्धा दिवस नाही, चार वर्षं जातात.

जगज्जेती, पण ऑलिम्पिकमध्ये गटच नाही

सप्टेंबर २०२५मध्ये लिव्हरपूलला जागतिक बॉक्सिंग स्पर्धा झाली. भारताला चार पदकं मिळाली आणि चारही मुलींनी आणली. त्यातली दोन सुवर्णपदकं हलक्या गटांतली. ५७ किलोत जास्मिन लंबोरिया आणि ४८ किलोत मीनाक्षी हुडा. मीनाक्षी हरियाणातल्या रुरकी गावची, रिक्षाचालकाची मुलगी. फायनलमध्ये तिने कझाकस्तानच्या नाझिम किझायबायला ४-१ असं हरवलं. ही किझायबाय म्हणजे पॅरिस ऑलिम्पिकची कांस्यविजेती, म्हणजे विजय काही सोपा नव्हता.

मग २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी मीनाक्षीचं पदक पक्कं धरायचं का? इथेच गोची आहे. तिथे महिलांचा सगळ्यात हलका गट ५१ किलोचा आहे. ४८ किलो नाहीच! जगज्जेतीला ऑलिम्पिकला जायचं तर आधी तीन किलो वर चढावं लागणार.

तीन किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ४८ किलोच्या मुलीसाठी ते सहा टक्क्यांहून जास्त वजन आहे. नुसतं खाऊन वाढवलेलं वजन रिंगमध्ये ओझं होतं, पाय जड होतात. वाढवायची ती ताकद, आणि तीही वेग न घालवता. शिवाय समोर येणाऱ्या मुली आधीच त्या वजनात मुरलेल्या असतात. त्यांचा ठोसा जास्त जड, हातही बहुतेक वेळा लांब.

आधीचे कोण कुठे पोचले?

हा प्रश्न जुनाच आहे. मेरी कोमने जागतिक विजेतेपदं मिळवली ती ४५, ४६ आणि ४८ किलोत. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सगळ्यात हलका गट ५१चा होता. ती वर चढली आणि कांस्य घेऊन आली. म्हणजे जमतं. पण मेरी कोम एखादीच.

अमित पंघालचं उदाहरण बघा. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४९ किलोच्या फायनलमध्ये त्याने उझबेकिस्तानच्या हसनबॉय दुस्मातोव्हला, म्हणजे रिओच्या ऑलिम्पिक विजेत्याला हरवलं. पुढे टोकियोसाठी ४९ किलोचा गट रद्द झाला. अमित ५२मध्ये गेला, २०१९मध्ये जागतिक रौप्य जिंकला आणि टोकियोत अव्वल मानांकन घेऊन उतरला. पण पहिल्याच लढतीत कोलंबियाच्या युबेर्जेन मार्टिनेझने त्याला बाहेर काढलं. पॅरिसमध्येही तो पहिलीच लढत हरला. आणि तो जकार्तात हरलेला दुस्मातोव्ह? त्याने पॅरिसला ५१ किलोत परत सोनं जिंकलं. गट दोघांचाही गेला होता, दोघांनाही वर चढावं लागलं. चढण एकाला मानवली, दुसऱ्याला ऑलिम्पिकमध्ये नाही.

नीतू घंघास तर अगदी मीनाक्षीच्याच जागी होती. २०२३ला दिल्लीत ४८ किलोत जगज्जेती झाली, ऑलिम्पिकच्या आशेने ५४पर्यंत चढली. पॅरिसला ५४ किलोत गेली ती मात्र प्रीती पवार.

मग पदक कोण आणेल?

ज्याच्या नावापुढे जास्त मेडल तो फेव्हरेट, असा हिशेब आपण करतो. हलक्या गटांत तो फसतो. तीन प्रश्न विचारा. तिचा गट ऑलिम्पिकमध्ये आहे का? तिने कोणाला हरवलंय? आणि ड्रॉ कसा पडतोय?

या हिशेबात पहिलं नाव जास्मिनचं. ५७ किलो गट ऑलिम्पिकमध्ये आहे, तिला वजनाशी झटापट करायची नाही. पॅरिसला पहिल्याच फेरीत ती फिलिपिन्सच्या नेस्थी पेटेसिओकडून ०-५ हरली होती. वर्षभरात तिने लिव्हरपूलच्या फायनलमध्ये पोलंडच्या युलिया शेरेमेताला हरवलं, जिच्याकडे पॅरिसचं रौप्य आहे. उंची आणि लांब हात हे तिचं भांडवल. ती लांबून मारते, समोरच्याला जवळ येऊ देत नाही.

दुसरं नाव प्रीतीचं, ५४ किलो. नोव्हेंबर २०२५मध्ये ग्रेटर नोएडाला वर्ल्ड कप फायनल्स झाल्या, तिथे तिने सेमीफायनलमध्ये तैपेईच्या हुआंग शियाओ-वेनला हरवलं आणि पुढे सुवर्ण जिंकलं. हुआंग टोकियोची कांस्यविजेती. मात्र नोएडात भारताला मिळालेल्या नऊ सुवर्णांनी फार हुरळून जायला नको. प्रत्येक गटात मोजकेच खेळाडू होते. मोठ्या ड्रॉमध्ये पाठोपाठ चार-पाच लढती जिंकणं वेगळं.

तिसरा गट ५१ किलोचा, आणि खरं नाट्य इथेच आहे. निखत झरीन दोनदा जगज्जेती, २०२२ला इस्तंबूलमध्ये आणि २०२३ला दिल्लीत. पॅरिसला तिला मानांकन नव्हतं. दुसऱ्याच लढतीत चीनची वू यू समोर आली आणि निखत ०-५ हरली. पुढे वू यूनेच सोनं जिंकलं. ड्रॉ म्हणजे काय, ते यावरून कळतं. लिव्हरपूलमध्ये तुर्कीच्या बुसे नाझ चाकिरोग्लूने निखतला क्वार्टर फायनलमध्ये रोखलं. २०२८ला निखत ३२ वर्षांची असेल. अनुभव तिच्याकडे, वेग आणि वय मीनाक्षीकडे. पण एका देशाची एका गटात एकच बॉक्सर जाते. दोघींपैकी एकीला घरी बसावं लागणार, किंवा निखतला ५४ची वाट धरावी लागणार. तिथे प्रीती आहे!

मुलांचं काय?

इथे चित्र जरा फिकं आहे. लिव्हरपूलहून मुलं रिकाम्या हाताने परतली. लॉस एंजेलिसला पुरुषांचा सगळ्यात हलका गट ५५ किलोचा. म्हणजे ५० किलोत खेळणाऱ्या मणिपूरच्या जदुमणी सिंगला पाच किलो चढायचंय. ५५मध्ये पवन बर्तवाल आहे. नोएडात दोघांनीही रौप्य मिळवलं, आणि फायनलमध्ये दोघांनाही उझबेक बॉक्सर्सनीच हरवलं. पॅरिसला उझबेकिस्तानने बॉक्सिंगमध्ये पाच सुवर्णं जिंकली, त्यातली दोन ५१ आणि ५७ किलोत. हलक्या गटांत पदक हवं असेल तर कधी ना कधी उझबेकिस्तानचा दरवाजा ठोठवावाच लागतो. ६० किलोत सचिन सिवाचने नोएडाला सोनं आणलं. मुलांमध्ये आशा लावायची तर तिथे लावावी.

आपली देविका

महाराष्ट्राचं नाव या यादीत कुठे आहे? पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२मध्ये स्पेनमधल्या ला नुसियाला युवा जागतिक स्पर्धेत ५२ किलोत सुवर्ण जिंकलं. आता 'वर्ल्ड बॉक्सिंग'च्या सीनियर गटांमध्ये ५२ नाही. एक तर ५१, नाही तर ५४. एकीकडे निखत आणि मीनाक्षी, दुसरीकडे प्रीती. जगात पदक जिंकण्याआधी देशातल्या जगज्जेत्यांना हरवायचं, असा हा पेपर आहे.

आणि आपण?

'काडी पैलवान', 'वाऱ्याने उडशील' हे ऐकत मोठे झालेले आपल्यात खूप जण आहेत. त्यांच्यासाठी हा खेळ आहे, हे लक्षात ठेवा. हलक्या गटांत नॉकआउट क्वचितच होतो. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, पाच जज, आणि निकाल बहुतेक वेळा गुणांवर. इथे दंड नाही, पाय, डोळा आणि दम बघतात. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतही हलके गट असतात.

फक्त एक करू नका. खालच्या गटात शिरण्यासाठी दोन दिवस पाणी सोडणं, प्लास्टिकचा सूट घालून घाम काढणं. काट्यावर दोन किलो उतरलेले दिसतात, पण तेच शरीर घेऊन डोक्यावर ठोसे झेलायचे असतात. पाणी कमी झालेल्या शरीरासाठी ते जास्त धोक्याचं. शिवाय मोठ्या स्पर्धेत लढत असेल त्या प्रत्येक सकाळी वजन होतं, म्हणजे एकदा फसवून भागत नाही. आधी तुमचं नेहमीचं वजन किती ते बघा, गट त्यावरून ठरवा. उलटं नको.

या वर्षी ग्लासगोला राष्ट्रकुल आणि जपानमध्ये आईची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत. पदकतक्ता नंतर बघू. आधी निवड चाचणीची बातमी शोधा, ५१ किलोच्या पुढे कोणाचं नाव आहे ते वाचा. लॉस एंजेलिसच्या निम्म्या गोष्टीचा अंदाज तिथेच येईल.