बालकाची पहाटेची जाग : कारणे व उपाय

पहाटे उठणे हा आपल्या समाजात सद्गुण मानला जातो. परंतु दीड-दोन वर्षांचे बालक पहाटे साडेचारला उठून बसते, पुन्हा निजण्यास नकार देते व दिवसभर किरकिर करते, तेव्हा त्या सद्गुणाचे कौतुक करण्याच्या स्थितीत घरातील कोणीही नसते. मातेची झोप तुटते. शेतावर, कामावर वा कचेरीत जाणाऱ्यांचा दिवस थकव्याने सुरू होतो. अनेक घरांत उठलेले मूल थोरल्या बहिणीच्या स्वाधीन केले जाते, आणि शाळेत तीच मुलगी उशिरा येते किंवा वर्गात पेंगते. म्हणूनच हा प्रश्न केवळ घरगुती समजून सोडून देण्याजोगा नाही.

झोपेचे गणित

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षे वयाच्या बालकास दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तर ३ ते ४ वर्षांच्या बालकास १० ते १३ तास झोप आवश्यक असते. दुपारची झोपही त्यात धरलेली आहे. पालकांनी प्रथम एक आठवडाभर बालकाच्या निजण्याच्या व उठण्याच्या वेळा कागदावर टिपून ठेवाव्यात.

समजा, एक बालक सायंकाळी साडेसातला निजते, पहाटे पाचला उठते आणि दुपारी दोन तास झोपते. त्याची एकूण झोप साडेअकरा तास होते. ते हसतखेळत असेल, तर त्याच्या प्रकृतीस कसलीही उणीव नाही. त्याचे घड्याळ घराच्या घड्याळाच्या पुढे आहे, एवढेच. दुसरे बालक रात्री दहाला निजून साडेचारला उठते व दुपारी दोन तासच झोपते. त्यास अवघे साडेआठ तास मिळतात. येथे खरी तूट आहे. दोघांचेही पालक एकच तक्रार करतात, पण उपाय मात्र भिन्न आहेत.

पहाटेच का?

झोपेवर दोन गोष्टींचे नियंत्रण असते. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा भार आणि दुसरी म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पहाटेपर्यंत झोपेचा भार बहुतांशी उतरलेला असतो, निद्रा सावध झालेली असते आणि शरीर जागे होण्याच्या तयारीस लागलेले असते. अशा वेळी किंचित प्रकाश, कोंबड्याचे आरवणे, नळाला आलेले पाणी, भांड्यांचा आवाज, ओले कपडे, पहाटेचा गारवा वा डास एवढे निमित्त जाग येण्यास पुरते.

प्रकाशाचा परिणाम विशेष मोठा असतो. अंधारात शरीरात मेलॅटोनिन हे निद्रेस अनुकूल द्रव्य स्रवते. प्रकाश पडताच त्याचे प्रमाण घटते. मुंबईत जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तर मेअखेरीस सहाच्या सुमारास. नागपूर पूर्वेस असल्याने तेथे घड्याळ तेच असूनही सूर्य मुंबईच्या सरासरी २५ मिनिटे आधी उगवतो. हिवाळ्यात सुखाने झोपणारे मूल उन्हाळ्यात लवकर का उठू लागते, याचे एक उत्तर येथे मिळते.

काय करावे

पहिल्या प्रकारच्या बालकाची निजण्याची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटांनी पुढे न्यावी. दुपारची झोप व जेवणही त्याच प्रमाणात पुढे सरकवावे. चार टप्प्यांत, म्हणजे सुमारे बारा दिवसांत, एक तासाचा फरक साधता येतो. शरीराच्या घड्याळास नवी वेळ अंगवळणी पडण्यास आणखी काही दिवस लागू शकतात.

दुसऱ्या बालकास मात्र आणखी उशिरा निजवू नये. उशिरा निजवले म्हणजे उशिरा उठेल, हा समज बहुधा फसवा ठरतो. अतिश्रमाने ते अधिक अस्वस्थ झोपते. त्यास याच रीतीने लवकर निजवावे. दुपारची झोप साडेतीनच्या आत संपवावी. रात्री वरण-भात, खिचडी असे पोटभर अन्न द्यावे व निजण्यापूर्वी तासभर दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवावा.

खिडकीस जाड, गडद कापड लावावे. हवा मात्र खेळती राहू द्यावी. बालक उठलेच तर मोठा दिवा लावू नये, खेळ मांडू नये आणि मोबाइल हाती देऊ नये. ओले कपडे बदलून, हळू आवाजात थोपटून त्यास अंथरुणातच ठेवावे. अंगावर पिणाऱ्या बालकास दूध नाकारण्याचे कारण नाही; परंतु उठताक्षणी बिस्किट व खेळणी मिळू लागली, की ती वेळच दिवसाचा आरंभ ठरते. ठरलेल्या वेळी मात्र बालकास मोकळ्या उजेडात न्यावे. पहाटेची ही पाळी एकट्या मातेने सोसावी, असा काही नियम नाही. पित्यानेही ती वाटून घ्यावी.

काय करू नये

गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या अनेक माता मूल शांत राहावे म्हणून त्यास अफूचा अंश देत. आज त्याऐवजी गुंगी आणणारे सर्दी-खोकल्याचे औषध दिले जाण्याचा धोका आहे. क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील बालकांना देऊ नये, असा निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. झोपेसाठी कोणतेही औषध आपल्या मनाने देऊ नये. तसेच मारून वा धाक दाखवून झोप येत नाही. उलट जाग पक्की होते.

बालक घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, कान ओढत असेल, गुदद्वारापाशी खाजवत असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

गावाची जबाबदारी

शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी न भरविण्याचे आदेश काढले, त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचाच विचार होता. हाच विचार शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. अंगणवाडीतील माता-सभेत झोपेचे टिपण कसे ठेवावे हे सांगता येईल. रात्री उशिरापर्यंत चालणारे ध्वनिक्षेपक आवरणे पंचायतीच्या सदस्यांना कठीण नाही. आणि वर्गात पेंगणाऱ्या मुलीस शिक्षा करण्यापूर्वी, घरी पहाटे कोण उठते व त्यास कोण सांभाळते, एवढे शिक्षकांनी तिला अवश्य विचारावे.