पडेगावचे आरोग्य कोणाच्या हद्दीत?

छावणी मागे टाकून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते, मग मिटमिटा आणि त्यापुढे शरणापूर. रस्ता एक, वारा एक, पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांवरचे डासही एकाच जातीचे. तथापि सरकारी दप्तराच्या दृष्टीने हा जेमतेम काही किलोमीटरांचा पट्टा तीन निरनिराळ्या सत्तांमध्ये वाटला गेलेला आहे. छावणीचा कारभार छावणी मंडळाकडे, आणि ते मंडळ केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. पडेगाव आणि मिटमिटा महानगरपालिकेच्या हद्दीत. शरणापूरला ग्रामपंचायत, आणि आरोग्यापुरती तिच्या डोक्यावर जिल्हा परिषद. पडेगावात राहणाऱ्या आणि वाळूजच्या कारखान्यात राबणाऱ्या कामगाराचे मूल तापाने फणफणले, तर त्याच्यासाठी पाणी, औषध, खाट आणि शेवटी नोंदवहीतली एक ओळ या चार गोष्टी चार वेगवेगळ्या कचेऱ्यांतून याव्या लागतात. त्या मुलाच्या प्रकृतीची जबाबदारी यांपैकी कोणत्या कचेरीवर आहे, हा साधा प्रश्न विचारला तर त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये हा प्रश्न छावणीत कागदावरून थेट घराघरांत आला. दूषित पाण्यामुळे तेथे गॅस्ट्रोची साथ उसळली आणि काही दिवसांत हजारो माणसे आजारी पडली. छावणी मंडळाचे रुग्णालय लहान. ते पाहता पाहता अपुरे पडले. मग घाटी, महानगरपालिका आणि राज्याची आरोग्य यंत्रणा यांची धावपळ सुरू झाली. मदत आली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती आली ती संकट ओढवल्यानंतर आणि शेजारधर्म म्हणून. त्या वस्तीचे पाणी रोज तपासून पाहण्याचे कर्तव्य मात्र त्या शेजाऱ्यांपैकी कोणाचेच नव्हते. छावणीची सीमा ओलांडली की पडेगाव आहे, आणि जंतूला परवाना लागत नाही.

वस्तुतः महाराष्ट्राची आरोग्य रचना कागदावर मोठी नेटकी आहे. सर्वात वर मंत्री आणि सचिव. त्याखाली आयुक्त व आरोग्य सेवा संचालक. मग आठ परिमंडळे, प्रत्येकावर एक उपसंचालक. आणि त्याखाली जिल्हा. येथपर्यंत शिडी सरळ दिसते. जिल्ह्याच्या पायरीवर मात्र ती दुभंगते. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे थेट राज्य शासनाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. ही फाळणी १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यातून आली आणि १ मे १९६२ पासून अंमलात आहे. तिच्यामागचा हेतू उदात्त होता. खेड्यातला दवाखाना खेड्याने निवडून दिलेल्या माणसांच्या नजरेखाली असावा, ही कल्पना चुकीची म्हणता येणार नाही. पण जिल्हा आरोग्य अधिकारी हा राज्य सेवेतला माणूस. तो बसतो जिल्हा परिषदेत, प्रशासकीय दृष्ट्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला उत्तर देतो आणि तांत्रिक दृष्ट्या उपसंचालकाला. त्याच्या हाताखालच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक आणि बदली मुंबईहून होते. ज्याला तो रागावू शकतो त्याला तो हलवू शकत नाही, आणि जे त्याला हलवू शकतात त्यांना केंद्रावर काय चालले आहे हे दिसत नाही. अशा स्थितीत कार्यक्षम अधिकारीही हळूहळू पत्रव्यवहाराचा तज्ज्ञ बनतो.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर आणखी एक विसंगती आहे. महसुली दृष्ट्या आठ जिल्ह्यांचा हा एकच विभाग. आरोग्याच्या नकाशावर मात्र त्याची दोन परिमंडळे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी व हिंगोली एका उपसंचालकाकडे; लातूर, धाराशिव, बीड आणि नांदेड दुसऱ्याकडे. बीडचा रुग्ण गंभीर झाला की त्याची गाडी बहुधा घाटीच्या रस्त्याला लागते; त्याची फाईल मात्र लातूरच्या रस्त्याने जाते.

आणि घाटी तर या शिडीवर कोठेच नाही. १९५६ साली सुरू झालेले हे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय हा आजही मराठवाड्याच्या गोरगरिबांचा शेवटचा आधार आहे. पण १९७० साली वैद्यकीय शिक्षण व संशोधनाचे स्वतंत्र संचालनालय झाले, आणि तेव्हापासून रोगी बरा करण्याचे काम आणि डॉक्टर घडवण्याचे काम यांची दोन वेगळी घरे झाली. पुढे मंत्रालयातली खातीही वेगळी झाली. शहराला शासकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, मग वेगळे जिल्हा रुग्णालय कशाला, या हिशेबाने येथे दीर्घकाळ स्वतंत्र जिल्हा रुग्णालयच नव्हते. ते गेल्या दशकात चिकलठाण्याला उभे राहिले. लोकांनी त्याला 'मिनी घाटी' हे नाव दिले, यातच सारे आले: लोकांच्या हिशेबी रुग्णालय म्हणजे घाटी, बाकीची तिची धाकटी भावंडे.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना धडा लागू पडतो. ज्या सेवेचा लाभ सर्वांना मिळतो आणि खर्च मात्र एकालाच सोसावा लागतो, ती सेवा नेहमीच कमी प्रमाणात पुरवली जाते. महानगरपालिकेने पडेगावात एक चांगला दवाखाना चालवला, दोन परिचारिका अधिक नेमल्या, पाण्याचे नमुने नियमाने तपासले, तर त्यातून घाटीतल्या खाटा मोकळ्या होतात. म्हणजे बचत होते ती राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याची. खर्च मात्र पडतो महानगरपालिकेच्या तिजोरीवर. उलट दवाखान्याला कुलूप राहिले तर महानगरपालिकेचे दमडीचेही नुकसान होत नाही. साधा ताप आणि खोकला घेऊन माणसे घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावतात आणि दहा-बारा वर्षे शिकलेला तज्ज्ञ तेथे गोळ्या लिहीत बसतो. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर रिक्षाचे भाडे गेले, एका दिवसाचा रोज बुडाला. कंत्राटी कामगाराला आजारपणाची भरपगारी रजा कोण देणार? हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो कोणी कमीही करीत नाही.

महानगरपालिकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९८२ साली येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि भोवतालची खेडी शहराच्या हद्दीत आली. हद्द वाढली तसा कराचा आधार वाढला नाही. पुढे जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि २०१७ नंतर महानगरपालिका भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसू लागली. ग्रामीण आरोग्यासाठी केंद्राचे अभियान २००५ साली आले. शहरांसाठी तसेच अभियान यायला २०१३ उजाडले. या आठ वर्षांत हद्दीबाहेरच्या खेड्यात घरोघर जाणारी आशा कार्यकर्ती होती आणि हद्दीच्या आतल्या, तितक्याच गरीब वस्तीत ती नव्हती. खेड्याचे शहर झाले म्हणून माणसाच्या पदरात काही पडावे, तर येथे होते तेही हातचे जाण्याची वेळ आली. ग्रामीण भागात पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे निदान मोजमाप तरी आहे. शहरात पन्नास हजारांमागे एक नागरी आरोग्य केंद्र. त्याखाली उपकेंद्राची पायरीच नाही.

सार्वजनिक आरोग्य म्हणजे केवळ दवाखाने नव्हेत, हे पडेगाव-मिटमिट्याइतके दुसऱ्या कोणाला कळले असेल? फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोभोवतालच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा अडवला. कित्येक वर्षे त्यांनी तो सोसला होता. मग शहरात जागोजाग कचऱ्याचे ढीग साचू लागले आणि महानगरपालिकेच्या गाड्या जागा शोधीत फिरू लागल्या. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. पुढे प्रक्रिया केंद्रांसाठी चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी आणि पडेगाव या जागा ठरल्या. या साऱ्या काळात हा प्रश्न घनकचरा विभागाचा, मग पोलिसांचा आणि मग न्यायालयाचा झाला. तो आरोग्य विभागाचा प्रश्न आहे, असे ठासून सांगणारा आवाज मात्र क्षीणच राहिला. वास्तविक १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात स्वच्छता आणि साथींचा प्रतिबंध ही बंधनकारक कर्तव्ये शेजारी शेजारी बसवलेली आहेत. कायदा करणाऱ्यांना जे कळले होते ते कचेऱ्यांच्या वाटणीत हरवले.

पैशाची गोष्ट निघाली की औषधांची गोष्ट निघतेच. २०१७ पासून राज्याच्या रुग्णालयांसाठी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. ती व्यवस्था अपेक्षेप्रमाणे चालेना म्हणून २०२३ मध्ये कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. घाऊक खरेदीने किंमत उतरते हे खरेच. पण दर उतरवून मागवलेले औषध वेळेवर आले नाही, तर रुग्णालयाला तेच औषध स्थानिक बाजारातून चढ्या भावाने घ्यावे लागते, किंवा डॉक्टर चिठ्ठी लिहून नातेवाइकाच्या हाती देतो. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्याचे वृत्त आले, पाठोपाठ घाटीतले मृत्यूही चर्चेत आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी औषधांचा साठा आणि रिक्त पदे यांची चौकशी सुरू झाली. तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मागे पडला: ते रुग्ण इतक्या अत्यवस्थ स्थितीत आणि इतक्या उशिरा तेथवर का पोचले? वाटेतल्या उपकेंद्रावर, प्राथमिक केंद्रावर, ग्रामीण रुग्णालयात त्यांना कोणी अडवून उपचार का केले नाहीत? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे मागण्यात अर्थ नव्हता, कारण ती केंद्रे त्याची नव्हेत.

आकड्यांचीही हीच तऱ्हा. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म जेथे झाला तेथे त्याची नोंद होते. शरणापूरची सून घाटीत बाळंत झाली की बाळ महानगरपालिकेच्या नोंदवहीत जाते. अशा रीतीने शहराच्या जन्मसंख्येत जिल्ह्याची बाळे मिसळतात, आणि गावात किती जन्मले व किती दगावले याचा ताळा जुळवायला उपकेंद्राच्या परिचारिकेची स्वतःची वही तेवढी उरते. त्या वहीवर राज्याचे नियोजन उभे आहे, हे तिला कोणी सांगितले आहे की नाही कोण जाणे.

करोनाच्या काळात, मार्च २०२० नंतर, या भिंती काही महिने तरी खाली आल्या होत्या. प्लेगच्या साथीपायी झालेला १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला आणि जिल्हाधिकारी, महानगरपालिका आयुक्त, घाटीचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी यांना एका टेबलाभोवती बसणे भाग पडले. कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या, हे रोज संध्याकाळी सर्वांना कळत होते. साथ ओसरली आणि टेबल उठले. एवढ्यात महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली होती, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढे कित्येक वर्षे दोन्हीकडे प्रशासकच होते. ज्या लोकप्रतिनिधींच्या देखरेखीसाठी १९६१ साली दवाखाने जिल्हा परिषदेकडे सोपवले, ते प्रतिनिधीच या काळात नव्हते. अधिकाऱ्यांमधली विभागणी मात्र जशीच्या तशी राहिली.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्याकरिता सत्तर हजार कोटींहून अधिक रकमेची शिफारस केली होती. ग्रामीण आणि नागरी असे दोन वेगळे कप्पे त्यातही होतेच. तरीसुद्धा प्राथमिक आरोग्यासाठी स्थानिक संस्थांच्या हाती थेट पैसा देण्याची ही मोठीच संधी होती. तिचा उपयोग करायचा तर छावणी, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी निदान या दौलताबाद रस्त्यावर पाण्याचे नमुने एकत्र तपासावेत, तापाच्या रुग्णांची एकच आठवड्याची यादी ठेवावी आणि घाटीला ती द्यावी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. देशभरच्या छावण्यांतील नागरी वस्त्या लगतच्या नगरसंस्थांत मिळवण्याचे धोरण केंद्राने २०२३ पासून हाती घेतले आहे. येथील छावणीच्या बाबतीत तसे घडले, तर रस्ते, दिवे आणि मालमत्ता कोणाकडे जाणार याचा खल आधी होईल. जलवाहिन्यांचे नकाशे आणि छावणीच्या रुग्णालयातील परिचारिका कोणाकडे जाणार, हे त्याच बैठकीत त्याच दिवशी ठरले पाहिजे.