नाव बदललं, डेटाबेस तीन, खिडकी एक!

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. पण एखाद्या कंपनीत पगार मायएसक्यूएलवर, स्टॉक एसक्यूएल सर्व्हरवर आणि हजेरी पोस्टग्रेसवर असेल, तर पत्ते बदलायचे कसे?

त्यासाठी डीबीव्हर हे डेटाबेस हाताळायचं सॉफ्टवेअर वापरून बघाच! कम्युनिटी आवृत्ती मोफत आणि ओपन सोर्स आहे. तिन्ही डेटाबेस डावीकडच्या यादीत एकाखाली एक दिसतात.

क्रम असा ठेवा:

१. आधी तिन्हींचा बॅकअप.

२. लाइव्ह कनेक्शनला 'प्रॉडक्शन' प्रकार द्या. रंग वेगळा दिसतो, त्यामुळे टेस्टची कमांड तिथे चालवण्याचा धोका कमी होतो.

३. कॉलमची लांबी तपासा. रोमन लिपीत जुन्या नावाला १० अक्षरं पुरायची. नव्याला मधल्या जागेसह २५ लागतात. कॉलम २० चा असेल तर आधी वाढवा.

४. अपडेटच्या अटीत राज्यही घाला. औरंगाबाद जिल्हा बिहारमध्येही आहे!

५. ऑटो-कमिट बंद ठेवा. किती ओळी बदलल्या ते बघा. आकडा जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक.

६. नाव देवनागरीत हवं असेल तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये अपडेटच्या आधीच कॉलम एनव्हारचार करा आणि मजकुराच्या अवतरणाआधी 'एन' लावा. नाहीतर सहसा नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.

आणि जुनी बिलं बदलू नका. ती त्या तारखेची नोंद आहे.