सांगाड्यावरून मोटारीची ओळख

यंत्रमागांचे नगर म्हणून ख्यात असलेल्या आणि मुंबई-आग्रा या जुन्या राजमार्गावर वसलेल्या मालेगावात लोखंडाची पारख असणाऱ्या मिस्त्रींची वाण कधीच नव्हती; तरीही चाके, इंजिन आणि काचा गमावलेला एखादा मोटारीचा सांगाडा कोणाच्या परसात दिसला, की ‘ही गाडी कोणती आणि कोणत्या सालची’ या प्रश्नाला बहुधा अंदाजाचेच उत्तर मिळते, आणि त्या अंदाजावर विसंबून तो सांगाडा भंगाराच्या भावाने कापला जातो. वास्तविक हा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि पुरावा पत्र्यातच असतो.

पहिली अडचण अशी, की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम दर्शनी जाळीवर, दिव्यांवर आणि नावाच्या पट्टीवर जाते, आणि नेमक्या याच वस्तू अपघातानंतर किंवा मालकाच्या हौसेखातर सर्वांत आधी बदलल्या जातात. शिवाय नाव स्वतःच फसवे असू शकते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जुळविल्या जात. त्या क्रायस्लरने परदेशी विक्रीसाठी प्लिमथचाच सांगाडा घेऊन, दर्शनी भाग व नावाची पट्टी बदलून, कधी डॉज तर कधी डी सोटो म्हणून गाड्या विकल्या. म्हणून जाळीची साक्ष सर्वांत शेवटी घ्यावी.

प्रथम खाली वाकून पाहावे. अमेरिकन गाड्यांखाली, जीपखाली आणि 1961 पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डखाली स्वतंत्र चासी असते, आणि वरचा सांगाडा तिच्यावर बोल्टांनी बसविलेला असतो. उलट फियाट 1100 आणि अँबॅसडर यांचा पत्राच चासीचे काम करतो, त्यांना वेगळी चौकट नसते. एवढ्या एका परीक्षेने अर्धा निर्णय होतो. उरलेला निर्णय इतिहासाने सुलभ केला आहे. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळविण्यास आरंभ केला होता; परंतु येथेच उत्पादन करण्याची योजना ज्यांच्यापाशी नाही, त्यांना 1953 च्या सरकारी धोरणाने वाव ठेवला नाही, आणि 1954 साली तो कारखाना बंद झाला. त्यानंतर 1983 साली मारुती रस्त्यावर येईपर्यंत देशी मोटारींचे विश्व मुख्यतः अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीन घराण्यांत सामावले होते.

फियाटची बिजागरी बोलकी असते. आरंभीच्या 1100 मध्ये, जिला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, पुढचे दार मधल्या खांबाला टांगलेले असून मागच्या दिशेने उघडे. 1964 च्या ‘डिलाइट’मध्ये चारही दारांच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूस आहेत. मात्र हाच देह 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने किरकोळ फेरफारांसह विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिला, म्हणून केवळ आकारावरून त्याचे साल सांगणे धाडसाचे ठरते. अँबॅसडरच्या बाबतीत शेपूट पाहावे: तिच्या आधीच्या, 1954 च्या लँडमास्टरची पाठ गोलसर उतरती आहे, तर 1957 च्या पहिल्या अँबॅसडरला मागील मडगार्डांवर लहानशी पक्षाकार उंचावटी आली. पुढील आवृत्त्यांत, म्हणजे 1962, 1975 आणि 1979 च्या, मुख्यतः दर्शनी जाळीत आणि दिव्यांत फरक पडला. देह तोच राहिला. जाळी सहज बदलता येत असल्यामुळे तिच्यावरून साल ठरविणारा विक्रेता जे सांगेल ते खातरजमा केल्यावाचून मानू नये.

जुन्या फिटरांची एक परीक्षा मला विशेष विश्वसनीय वाटते, ती पान्याची. फियाटच्या मूळ बोल्टांना मिलिमीटरचा पाना लागतो, अँबॅसडरला इंचाचा. पुट्टी आणि रंगाखाली गाडीचे घराणे कितीही दडपले गेले, तरी दोन बोल्ट बोलून जातात, अर्थात ते मूळचे असले पाहिजेत.

सालासाठी मात्र अखेर दस्तऐवजाकडेच यावे लागते. बॉनेटखाली इंजिनामागच्या पत्र्याच्या पडद्यावर पाटी असल्यास ती घासून न काढता ओल्या फडक्याने पुसावी, कोरलेला चासी क्रमांक कागदावर पेन्सिल फिरवून उतरून घ्यावा, आणि नोंदणीचे साल म्हणजे निर्मितीचे साल नव्हे हे ध्यानी ठेवावे. कारण गाडी कारखान्यातून निघाल्यावर पुढच्या वर्षीही नोंदविली गेलेली असू शकते. सतरा अक्षरांचा जो ओळख क्रमांक आज परिचित आहे, तो या जुन्या गाड्यांवर शोधण्यात अर्थ नाही.

जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी दुचाकी-चारचाकी वाहनास ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंद मिळते, तिचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षे असते. पण त्यासाठी चासी, देह वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणून मालेगावातील ज्या सद्गृहस्थांच्या अंगणात असा सांगाडा पडून आहे, त्यांनी कटर चालविण्यापूर्वी पाटीचे आणि क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, आणि जुने आर.सी. बुक फेकून देऊ नये.