तान्ह्या बाळाच्या घशामागील गळू

तान्हे बाळ दूध घेईनासे झाले, की दात येत असतील किंवा पडसे असेल असा तर्क घरात होतो आणि बहुधा तो खराही ठरतो. कोठे कोठे मात्र जाणत्या बाईला बोलावून बोटाने पडजीभ ‘उचलून’ घेतात. या चालीविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

श्रोतेहो, घशाची मागची भिंत आणि मानेचा कणा यांच्यामध्ये एक अरुंद जागा असते. लहान वयात तीत लसिकाग्रंथी असतात. पाच-सहा वर्षांच्या सुमारास त्या झिजून जातात. नाकातील वा कानातील जंतू तेथे पोचले, की ग्रंथी सुजते, पिकते आणि पू साचतो. अशा गळवावर बोटाचा दाब पडून ते फुटले, तर पू श्वासनलिकेत उतरतो व मूल गुदमरते.

हे गळू ओळखावे कसे? तोंड उघडून पाहिले तरी घसा कधीकधी निर्दोष दिसतो. खरी साक्ष मान देते. तापलेले मूल मान ताठ किंवा एका अंगाला कलती धरते, वर पाहावयास राजी नसते. गिळवत नसल्याने लाळ गळते. रडणे दबल्यासारखे येते. ताठ मानेमुळे मेंदूज्वराचीही शंका येते, ती डॉक्टरांकडूनच फेडून घ्यावी.

मानेचे क्ष-किरण चित्र बाजूने घेतात. मूल रडत असले वा मान वाकलेली असली, तर निरोगी घशामागचा भागही फुगलेला दिसतो. म्हणून मान किंचित मागे करून, श्वास आत जाताना चित्र घ्यावे लागते. तान्ह्या मुलाच्या बाबतीत हे सोपे नव्हे! दुसऱ्या मणक्यापुढील जाडी ७ मिलिमीटरहून अधिक भरली, तर संशय बळावतो. पू की नुसती सूज, हे सीटी स्कॅनवरून बरेचसे कळते.

प्रतिजैविके शिरेतून तत्काळ सुरू करतात. गळू लहान आणि श्वास मोकळा असेल, तर एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून वाट पाहता येते; पुष्कळ मुले तेवढ्यानेच बरी होतात. एरवी भूल देऊन, डोके खाली ठेवून तोंडातूनच छेद घेतात आणि पू नळीने शोषून घेतात.

श्वासाबरोबर घरघर होऊ लागली, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर रात्र असली तरी निघावे. मूल ज्या स्थितीत स्वस्थ राहते तसेच मांडीवर घ्यावे, बळेच आडवे निजवू नये, काही पाजू नये, आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.